सरकारी इमारतीचा मालक कोण, आणि तिथला मोठा साहेब होतो कसा?

२०२५ च्या ऑगस्टात सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात काय धावपळ चालली होती ते कोल्हापूरकरांनी बघितलंय. १ तारखेला मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचची अधिसूचना निघाली, १७ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई उद्घाटनाला आले आणि १८ पासून कामकाज सुरू. भाषणं वकिलांच्या लढ्यावर झाली आणि ते बरोबरच आहे, चाळीसेक वर्षांची मागणी होती ती. पण त्या जुन्या दगडी इमारतीचं छत, वायरिंग, लाकूडकाम, संडास, कोर्टरूमची मांडणी हे सगळं एवढ्या कमी दिवसांत कुणी केलं? सार्वजनिक बांधकाम विभागानं, म्हणजे आपल्या भाषेत पीडब्ल्यूडीनं.

आता गंमत बघा, त्या इमारतीत बसणार न्यायाधीश, पैसा देणार राज्य सरकार, दुरुस्ती करणार पीडब्ल्यूडी, आणि खालची जमीन महसूलच्या दप्तरात. एकाच इमारतीला एवढे बाप. त्यामुळं ‘सरकारी मालमत्ता सांभाळणारा सर्वात मोठा अधिकारी कोण’ असं कुणी विचारलं की एक नाव सांगताच येत नाही. आणि एमपीएससी करणारी पोरं अभ्यासिकेत बसून हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीनं विचारत असतात, की पीडब्ल्यूडीचा सचिव इंजिनिअर असतो का आयएएस? उत्तर आहे, दोन्ही. कसं ते पुढं येतंय.

आधी मालकीचं. आपण सगळ्याला सरसकट ‘सरकारी’ म्हणतो, पण कोल्हापुरात फिरलात तर दर चौकात मालक बदलतो. केशवराव भोसले नाट्यगृह महापालिकेचं. रेल्वे स्टेशन रेल्वेचं, उजळाईवाडीचा विमानतळ विमानतळ प्राधिकरणाचा, टेंबलाईला टेरिटोरियल आर्मी म्हणजे संरक्षण खातं. ब्रह्मपुरीची टेकडी आणि पन्हाळा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात. गोकुळ शिरगाव, शिरोलीचे प्लॉट एमआयडीसीचे, ते उद्योजकाला विकत नाही मिळत, ९५ वर्षांच्या लीजवर मिळतात. सर्किट हाऊस पीडब्ल्यूडीकडं. गावाबाहेरचं गायरान म्हणाल तर जमीन सरकारची, वापर गावाचा, आणि भांडण सगळ्यांचं.

कायद्यानं मात्र राज्य सरकारच्या जमिनीच्या मुळाशी एकच कलम आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम २०. थोडक्यात असं की रस्ते, नदी-नाल्यांचे तळ, आणि ज्या जमिनीवर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही ती जमीन राज्य सरकारची. आणि जिल्ह्यात सरकारच्या वतीनं ती राखायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्याची. म्हणून सर्किट बेंचच्या कायमच्या इमारतीला शेंडा पार्कात जागा द्यायची म्हटली की फाईल पीडब्ल्यूडीकडून सुरू होत नाही, ती नागाळा पार्कातल्या कलेक्टर ऑफिसातून फिरते.

तर शिड्या वेगवेगळ्या आहेत. सगळ्यात लांब आणि माझ्या मते सगळ्यात इंटरेस्टिंग शिडी इंजिनिअरची, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलू.

डिप्लोमावाला पोरगा कनिष्ठ अभियंता म्हणून लागतो, डिग्रीवाला एमपीएससीची स्थापत्य अभियांत्रिकी सेवा देऊन सहायक अभियंता म्हणून गट ब किंवा गट अ मध्ये येतो. खालचं युनिट उपविभाग, त्याचा प्रमुख उपअभियंता. चार-पाच उपविभाग मिळून एक विभाग, त्याचा प्रमुख कार्यकारी अभियंता. काही विभाग मिळून मंडळ, तिथं अधीक्षक अभियंता. त्याच्यावर मुख्य अभियंता, ज्याच्याकडं अख्खा प्रदेश. आणि टोकाला मंत्रालयात सचिव, एक रस्त्यांचा आणि एक बांधकामांचा. हे दोन्ही सचिव इंजिनिअरच असतात, खालून चढत आलेले. पण त्यांच्याही वर अपर मुख्य सचिव किंवा प्रधान सचिव बसतो आणि तो आयएएस. म्हणजे ज्या पोरानं बीई सिव्हिल करून पीडब्ल्यूडीत आयुष्य काढलं तो सचिव होऊ शकतो, खात्याचा सर्वोच्च प्रशासक सहसा होत नाही. यावर इंजिनिअर मंडळी चहाला जमली की काय बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

यात खरी पॉवरची खुर्ची कुठली विचाराल तर जाणकार लोक कार्यकारी अभियंता सांगतात, मुख्य अभियंता नाही. कारण टेंडर, वर्कऑर्डर, बिल, सगळं विभाग पातळीवर होतं. पैसे त्याच्या सहीनं निघतात, आणि त्याच्या शेजारच्या केबिनमध्ये विभागीय लेखाधिकारी बसलेला असतो ज्याची नेमणूक महालेखापालांच्या ऑफिसकडनं होते, म्हणजे खात्याच्या बाहेरचा माणूस, खर्चावर डोळा ठेवायला. कामाचा प्रवास असा: आधी एस्टिमेट बनतं, ते दरसूचीवर, म्हणजे कुठल्या कामाला काय रेट ते ठरवून दिलेल्या पुस्तकावर. मग ज्या खात्याची इमारत ते खातं प्रशासकीय मान्यता देतं, म्हणजे ‘हो, हे काम आम्हाला पाहिजे आणि एवढा पैसा खर्च करा’. मग इंजिनिअर तांत्रिक मान्यता देतो, म्हणजे ‘हे काम असं केलं तर टिकेल’. रक्कम जितकी मोठी तितका वरचा इंजिनिअर सही करतो. मग टेंडर, मग काम, आणि काम चालू असताना कनिष्ठ अभियंता एमबी भरतो. एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, किती घनमीटर काँक्रीट, किती चौरस मीटर प्लास्टर, सगळं त्यात. उपअभियंता तपासतो, कार्यकारी अभियंता त्यातलं काही स्वतः मोजून बघतो. करिअर बनतं आणि मोडतं ते या वहीवर. वीस वर्षांनी चौकशी लागली तरी पहिल्यांदा एमबीच मागवतात.

आता पैशाचं थोडं, कारण हे कळल्याशिवाय सरकारी इमारती अशा का दिसतात ते कळणार नाही. सरकारच्या बजेटमध्ये खर्चाचे हेड असतात. ऑफिस इमारतींची देखभाल २०५९ मध्ये, सरकारी क्वार्टर्सची २२१६ मध्ये, आणि नवीन इमारत बांधायची तर ४०५९. हे आकडे पीडब्ल्यूडीतला क्लार्क झोपेतसुद्धा सांगतो. ४०५९ मध्ये पैसा आला की भूमिपूजन होतं, कोनशिला बसते, फोटो निघतो. २०५९ मध्ये पैसा आला की गळकं छत बंद होतं आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. त्यामुळं कुठल्याही साहेबाच्या गोपनीय अहवालात ‘माझ्या काळात अमुक इमारत उभी राहिली’ हे ठळक दिसतं, ‘माझ्या काळात काही पडलं नाही’ हे कसं दाखवणार? जे घडलं नाही त्याची नोंद ठेवायला कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही.

त्यात भर म्हणजे तीन वर्षं. महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा कायदा आहे, त्यात एका पोस्टवरचा नेहमीचा कालावधी तीन वर्षं धरलाय, आणि एप्रिल-मे हा बदल्यांचा सीझन. इमारत शंभर वर्षांची, साहेब तीन वर्षांचा. पहिलं वर्ष फायली समजण्यात, दुसरं वर्ष कामात आणि तिसऱ्या वर्षी साहेबाचं लक्ष पुढच्या पोस्टिंगकडं. कायदा चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही, एकाच खुर्चीत दहा वर्षं बसलेल्या माणसाचं काय होतं तेही आपण बघितलंय. पण छपराची गळती तीन वर्षांच्या हिशोबानं चालत नाही, ती हळूहळू वाढत जाते आणि कुणा एकाच्या काळात भसकन खाली येते, मग त्याचंच नाव पेपरात. आधीच्या तिघा-चौघांनी फाईलवर ‘निधी उपलब्धतेनुसार’ लिहून पुढं सरकवलेलं असतं आणि ते कोणी विचारत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, या क्षेत्रातला चांगला अधिकारी ओळखायचा असेल तर त्यानं किती बांधलं ते बघू नका, त्यानं जाताना रेकॉर्ड कसं सोडलं ते बघा. इमारतीचे मूळ नकाशे आहेत का, स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं, वायरिंग कुठल्या साली बदललं, वॉटरप्रूफिंगचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो, म्हणजे ठेकेदाराकडनं फुकटात दुरुस्त करून घ्यायची मुदत. या चार गोष्टी पुढच्या माणसाला एका रजिस्टरमध्ये मिळाल्या तर तीन वर्षांची अडचण बरीच कमी होते. नाही मिळाल्या तर प्रत्येक नवा साहेब शून्यापासून.

कोल्हापुरात तर रेकॉर्डचा विषय अजूनच खोल जातो, कारण आपण संस्थान होतो. करवीर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. त्याच्या आधीची कोर्टं, दवाखाना, शाळा, टाऊन हॉल, तलाव, सगळं दरबारचं. विलीनीकरणात राजाची खाजगी मालमत्ता कुठली आणि राज्याची कुठली याच्या याद्या कराव्या लागल्या, आणि त्यातून एकेक इमारत वेगवेगळ्या खात्याच्या पदरात पडली. जुनी कागदपत्रं मोडीत. त्यामुळं इथल्या जागेच्या वादात मोडी वाचणारा माणूस शोधायची वेळ येते आणि पुराभिलेखागारात चकरा होतात. पुण्या-मुंबईहून बदलून आलेल्या साहेबाला हे कळायलाच सहा महिने जातात.

इथं दुसरी शिडी येते, महसूलची. राज्यसेवा देऊन तहसीलदार किंवा थेट उपजिल्हाधिकारी, मग अपर जिल्हाधिकारी, आणि काही जण पुढं निवडीनं आयएएसमध्ये जातात. या लोकांना सिमेंटची ग्रेड माहीत नसते पण सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ हे तोंडपाठ. वर्ग २ म्हणजे जमीन तुमच्या नावावर असली तरी सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण काढायचं कलम ५०, जमीन एखाद्या कामासाठी राखून ठेवायचं कलम २२, भाडेपट्ट्यानं द्यायचं कलम ३८, हे त्यांचं रोजचं. आणि सगळ्यात डोकेदुखीचं खातं म्हणजे गायरान. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये जगपाल सिंग केसमध्ये गावाच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून सगळ्या राज्यांना सांगितलं. कागदावर निकाल सरळ आहे, पण आपल्या जिल्ह्यात गायरानात दोन-दोन पिढ्यांची घरं झालीत. निकाल हातात धरून गावात जाणारा तहसीलदार आणि समोर उभं अख्खं गाव, त्या दिवशी त्याच्या एमपीएससीच्या रँकचा काडीचा उपयोग नसतो.

या दोन शिड्या एकमेकांत आणि वर तिसऱ्यात कशा अडकतात याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे शिवाजी पूल. इमारत नाही, पण मुद्दा तोच. जुना पूल दीडशे वर्षांच्या घरातला, म्हणून शेजारी पर्यायी पूल घेतला, काम बरंचसं झालं आणि थांबलं. का, तर शेजारी ब्रह्मपुरी, संरक्षित स्मारक, आणि स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरच्या आत नवीन बांधकामच करता येत नाही. पूल बांधणारे इंजिनिअर एका खात्याचे, परवानगी न देणारे दुसऱ्या खात्याचे, आणि दोघंही आपापल्या कायद्यानं बरोबर. २०१८ च्या जानेवारीत जुन्या पुलावरनं मिनीबस पंचगंगेत कोसळली, माणसं गेली, मग सगळं हललं आणि २०१९ मध्ये नवा पूल सुरू झाला. अशा वेळी वरिष्ठ अधिकाऱ्याचं काम तांत्रिक उरतच नाही, तीन खात्यांच्या लोकांना एका टेबलावर बसवायचं काम असतं ते, आणि ते कुठल्याच परीक्षेच्या सिलॅबसमध्ये नाही.

महापालिकेचं वेगळंच. तिथं आयुक्त बहुतेकदा आयएएस, बांधकामाला शहर अभियंता, आणि दुकानगाळे, हॉल, मोकळ्या जागा यांना इस्टेट विभाग. इस्टेट विभागाला कुणी ग्लॅमर देत नाही, खरं तर तिथं पैसा पडून असतो. पालिकेचे गाळे वर्षानुवर्षं किरकोळ भाड्यात, मूळ भाडेकरू कोण आणि आत बसलाय कोण याचा पत्ता नाही, आणि राज्यानं २०१९ मध्ये नियम करून भाडं रेडीरेकनरशी, म्हणजे जागेच्या सरकारी दराशी, जोडलं तेव्हा गाळेधारक रस्त्यावर आले. दोन्ही बाजूला दम आहे बरं का, बाजारभावाच्या मानानं भाडं कमी हे खरं, आणि एकदम वाढवलं तर छोट्या दुकानदाराचं गणित मोडतं हेही खरं. मधे बसलेला इस्टेट अधिकारी मात्र दोन्हीकडनं शिव्या खातो.

केशवराव भोसले नाट्यगृहाची आग तर सगळ्यांनाच आठवतीय, ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर, शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान. त्यानंतर जे काम सुरू झालं त्यात नुसता सिव्हिल इंजिनिअर पुरत नाही. जुन्या भिंती तशाच ठेवून आत नवं कसं बसवायचं, आवाज पूर्वीसारखा घुमेल का, आगीपासून बंदोबस्त काय, यासाठी हेरिटेजचा अभ्यास केलेला आर्किटेक्ट लागतो, फायरवाला लागतो, नाटकवाल्यांचं ऐकून घेणारा कुणीतरी लागतो. आपल्याकडं इमारत चालवणं, म्हणजे रोजची लिफ्ट, पंप, फायर, साफसफाई, वीजबिल, हे वेगळं करिअर आहे हे अजून नीट मान्यच झालेलं नाही. खाजगी कंपनीत फॅसिलिटी मॅनेजर असतो. सरकारी इमारतीत ते काम अर्धं इलेक्ट्रिकल उपविभाग करतो, अर्धं शिपाई.

दिल्लीच्या शिड्या थोडक्यात सांगतो. सीपीडब्ल्यूडी म्हणजे केंद्राचं पीडब्ल्यूडी, १८५४ पासूनचं खातं, यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसमधनं भरती, टोकाला महासंचालक. केंद्राची क्वार्टर्स वाटणारं संपदा संचालनालय वेगळं. आणि एक सर्व्हिस जिचं नाव आपल्याकडं फार कमी पोरांना माहीत असतं ती म्हणजे इंडियन डिफेन्स इस्टेट्स सर्व्हिस. नागरी सेवा परीक्षेतूनच मिळते, सुरुवातीचा बेसिक इतर गट अ सारखाच ५६,१०० रुपये, आणि काम लष्कराच्या जमिनी सांभाळायचं, ज्या देशभरात १७ लाख एकराहून जास्त आहेत. तरुण वयात कॅन्टोन्मेंट बोर्डाचा सीईओ होता येतं, म्हणजे अख्ख्या छोट्या शहराचा कारभार. कोल्हापुरात कॅन्टोन्मेंट नाही, पण बेळगाव आणि पुणे दोन्हीकडं आहे, बघून या. जमिनीची आवड असेल आणि आयएएसची रँक हुकली असेल तर ही सर्व्हिस वाईट नाही, उलट इथं एकाच विषयात तीस वर्षं काढून खरे एक्सपर्ट होतात लोक.

अमेरिकेत हे कसं चालतं ते ऐकण्यासारखं आहे. तिथं १९४९ पासून जीएसए नावाची एक संस्था आहे, तिची इमारतींची शाखा म्हणजे पब्लिक बिल्डिंग्ज सर्व्हिस, प्रमुखाला कमिशनर म्हणतात. केंद्र सरकारच्या बऱ्याच ऑफिसांची आणि कोर्टांची ती घरमालक. आणि १९७२ च्या कायद्यानं असं झालं की जी खाती त्या जागेत बसतात ती जीएसएला भाडं देतात, ते भाडं एका फंडात जमा होतं आणि त्यातनं देखभाल होते. म्हणजे एखाद्या खात्यानं रिकाम्या खोल्या अडवून ठेवल्या तर त्याच्याच बजेटला चटका. आपल्याकडं सरकारी इमारतीत बसलेलं खातं सहसा भाडं देत नाही, त्यामुळं तीन खोल्यांत तुटक्या खुर्च्या आणि जुनी दप्तरं भरून ठेवली तरी कुणाला काही वाटत नाही, आणि समोरच्या रस्त्यावर दुसरंच सरकारी ऑफिस खाजगी जागेत भाड्यानं. तिथंही सगळं आलबेल नाही, त्या फंडातला सगळा पैसा दरवर्षी खर्चायला मिळतोच असं नाही, संसद हात आखडते आणि दुरुस्त्या तुंबतात. पण जागेला किंमत आहे हे खात्याला निदान कागदावर दिसतं. ब्रिटननं तर सरकारी मालमत्ता सांभाळणाऱ्यांचं वेगळं प्रोफेशनच केलंय आणि २०१८ मध्ये ऑफिसांसाठी एक स्वतंत्र एजन्सी काढली. आपल्याकडं केंद्रानं २०२२ मध्ये नॅशनल लँड मॉनेटायझेशन कॉर्पोरेशनला मंजुरी दिली, पण तिचा भर पडून असलेल्या जमिनीतनं पैसा उभा करण्यावर, रोजच्या देखभालीवर नाही.

एक गोष्ट राहिली, निवाड्याची. सरकारी क्वार्टरमध्ये बदलीनंतरही बसलेला माणूस, लीज संपलेला भाडेकरू, यांना बाहेर काढायला पोलीस घेऊन थेट जाता येत नाही. केंद्राच्या जागांना १९७१ चा कायदा, राज्याच्या जागांना १९५५ चा. त्यात सक्षम अधिकाऱ्यानं नोटीस द्यायची, ऐकून घ्यायचं, कारणं लिहून आदेश द्यायचा. म्हणजे तोच अधिकारी एका खुर्चीत घरमालक आणि जवळजवळ न्यायाधीश. केंद्राच्या कायद्यात अपील थेट जिल्हा न्यायाधीशाकडं. एक ओळ चुकली, नोटिशीत मुदत कमी दिली, की आदेश उडाला आणि परत पहिल्यापासून. म्हणून या पोस्टवरची हुशार माणसं सुनावणीच्या रोजनाम्याला जीवापाड जपतात.

प्रमोशनचं विचाराल तर गुणवत्तेपेक्षा ज्येष्ठता यादीवर जास्त डोळे असतात. थेट भरतीवाले आणि पदोन्नतीवाले यांच्यात कुणाचा नंबर वर यावर मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात, वर्षानुवर्षं केस चालते, आणि तोवर वरच्या खुर्चीवर ‘अतिरिक्त कार्यभार’. एकच माणूस दोन-दोन खुर्च्या सांभाळतो, सही कुठल्या खुर्चीची करतोय ते शिक्का बघून कळतं.

आणि शेवटी रिटायरमेंट. ५८ ला राज्य सेवेतला अधिकारी निवृत्त होतो, बरेच जण पुढं स्ट्रक्चरल ऑडिट, सल्लागार, लवाद असली कामं घेतात, अनुभवाला मागणी असतेच. पण ज्यांच्या सह्या मोठ्या कामांवर आहेत त्यांचा जीव थोडा टांगणीला असतो, कारण पेन्शन नियम २७ प्रमाणं निवृत्तीनंतरही विभागीय चौकशी सुरू करता येते, फक्त ती ज्या घटनेची आहे ती घटना चौकशी सुरू होण्याच्या आधी चार वर्षांपेक्षा जुनी नसावी. चौकशी चालू असली की हातात तात्पुरती पेन्शन आणि ग्रॅच्युइटी अडकलेली. म्हणून बरेच इंजिनिअर साहेब बदलीच्या वेळी आपल्या मोठ्या फायलींचे झेरॉक्स काढून घरी एका पेटीत ठेवतात, नियमात बसतं का नाही तो भाग वेगळा.